गाठीला चाकू लागला की कॅन्सर होतो?

'चरबीच्या गाठींना चाकू लावू नका. एक काढली की दहा उठतात, पुढे कॅन्सर होतो. वजन उतरवा, चुना-हळदीचा लेप लावा, महिन्यात विरघळतात.' आमच्या पंचवटीच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर हा मेसेज या महिन्यात तिसऱ्यांदा आला. माझ्या हातांवरच्या आणि पोटावरच्या 9 गाठी काढून झाल्या आहेत, म्हणून लिहिते.

आधी कॅन्सरचं. लायपोमा म्हणजे साध्या चरबीच्या पेशींची गाठ. मऊ लागते, बोटाखाली सरकते. चाकू लागल्याने तिचा कॅन्सर होत नाही. काही वेळा गाठ मुळातच वेगळी असते, माणूस ती अंगावर काढतो, ऑपरेशननंतर निदान होतं आणि बोल लागतो चाकूला. 5 सेंटीमीटरपेक्षा मोठी, भराभर वाढणारी, टणक किंवा खोल रुतलेली गाठ असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. सोनोग्राफी, गरज पडल्यास एमआरआय करून घ्यावा लागतो. काढलेली गाठ तपासायला पाठवणार ना, हेही विचारा.

एकीच्या दहा होतात म्हणे. नव्या गाठी येतात हे खरं, मलाही मांडीवर 2 आल्या. पण मांडीला चाकू लागलाच नव्हता! पुष्कळ गाठी येण्याची प्रवृत्ती अनेकदा घराण्यातून येते. माझ्या वडिलांच्या दंडांवर होत्या, काकांच्याही. गाठ आवरणासकट पूर्ण निघाली, तर त्याच जागी सहसा परत येत नाही.

वजन उतरवल्यानेही लायपोमा विरत नाही. आजूबाजूची चरबी झडली की उलट जास्त उठून दिसतो.

चुन्याचा मात्र मला खरोखर संताप येतो. दिंडोरीच्या माझ्या चुलतभावाने लेप रात्रभर बांधून ठेवला. सकाळी फडकं सोडलं तर मनगटावरची कातडी पांढुरकी, ओली, सोलवटलेली, आणि खालची गाठ होती तशीच सरकत होती. चुना कातडी भाजतो, गाठ विरघळवत नाही. ऐन द्राक्षाच्या छाटणीत त्याला पंधरा दिवस कात्री धरता आली नाही.

सगळ्याच गाठी काढाव्यात असं मी म्हणत नाही. दुखत नसेल, नडत नसेल तर राहू द्यावी. माझ्या कोपराजवळची टेबलाला टेकली की कळ जायची. जागेवरच्या भुलीच्या औषधाला वजनानुसार मर्यादा असते, म्हणून माझ्या 5 आधी काढल्या, 4 दीड महिन्याने. सुई टोचताना झोंबलं, पुढे नुसतं ओढल्यासारखं वाटत राहिलं. कोपराजवळची डॉक्टरांनी दाखवली: पिवळी, गुळगुळीत, सुपारीएवढी. टाके बाराव्या दिवशी निघाले. व्रण राहतात, माझ्या हातांवर आहेत. ज्यांच्या जखमेवर जाड, उंच व्रण उठतो त्यांनी ते डॉक्टरांना आधीच सांगावं.