लाल वायर म्हणजे फेज, हे कोणी सांगितलं?

"वायरमन कशाला? जुनं बटण पाच मिनिटांत स्वतः बदला" असा एक मेसेज आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग सासरच्या, मग शाळेच्या. त्यातलं सांगणं थोडक्यात असं: कायद्याची आडकाठी नाही. बटण बंद करा. लाल वायर फेज (करंट आणणारी), काळी न्यूट्रल (तो परत नेणारी), तिसरी असली तर अर्थिंग. टेस्टर पेटला नाही की बिनधास्त हात घाला. शॉक बसलाच तर एमसीबी, म्हणजे मेनजवळचा आपोआप पडणारा खटका, पडेल.

मी वायरमन. पोटावर पाय आला म्हणून ओरडतोय असं वाटेल, म्हणून कायद्याचं आधीच कबूल करतो. भारतीय विद्युत नियम, १९५६ मधल्या ४५व्या नियमानेही दिवे, पंखे, फ्यूज, बटणं यांची साधी अदलाबदल परवानाधारक ठेकेदाराच्या अटीतून वगळली होती. तेव्हा बटण जरूर बदला. पण बाकीचं वाचून बदलू नका.

रंगाचं बघू. दिव्याच्या साध्या बटणाला न्यूट्रल येतच नाही. एका स्क्रूला फेज येते, दुसऱ्या स्क्रूवरून तीच दिव्याकडे जाते. तिला आम्ही हाफ वायर म्हणतो. बटण चालू असताना दोन्हींत २३० व्होल्ट. तिथली काळी वायर न्यूट्रल समजून धरलीत तर झालंच. आणि जुन्या घरात रंग म्हणजे त्या दिवशी वायरमनच्या पिशवीत जे बंडल उरलं होतं तो. निळीचा घोळ आणखी वेगळा. इस्त्रीच्या केबलमधली निळी न्यूट्रल असते, पण थ्री-फेज मीटरच्या घरात लाल-पिवळ्या-निळीतली निळी चक्क फेज.

आता ती तिसरी वायर. गेल्या पावसाळ्यात एका जुन्या वाड्यात गेलो होतो. जिन्याचा दिवा, एक बटण खाली, एक वर. वरचं काळं बॅकेलाइटचं बटण घरातल्या मुलाने असाच मेसेज वाचून बदललं होतं. मागे तीन वायरी निघाल्या. त्याने दुकानातून साधं बटण आणलं, दोन वायरी त्याला जोडल्या आणि तिसरी "अर्थिंग" म्हणून पत्र्याच्या डब्याच्या स्क्रूला आवळली. खालून दिवा लागत होता, बंद होत होता, पोरगा खूश. पण ते टू-वे बटण होतं. दोन बटणांमध्ये दोन वायरी धावतात आणि खालचं बटण फेज आळीपाळीने त्यांतल्या एकीत टाकतं. याने त्यांतलीच एक डब्याला दिली होती. म्हणजे खालून दिवा बंद केला की वरचा डबा जिवंत! डब्याला खरं अर्थिंग नव्हतंच, त्यामुळे एमसीबी पडायचा प्रश्न नाही. आजी म्हणत होत्या, "भिंतीला ओल आलीय रे, हात लावला की मुंग्या येतात." चप्पल होती म्हणून मुंग्यांवर निभावलं.

टेस्टरवर तर लोकांची श्रद्धाच असते. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलात, तर फेज असूनही तो इतका मंद पेटतो की उन्हात दिसत नाही. आधी चालू प्लगवर लावून बघा, मग बोर्डात, मग पुन्हा त्याच प्लगवर.

बटण बंद करून काम करायचं हे तर अजबच. वर सांगितलं तसं, बंद बटणाच्याही एका स्क्रूला फेज असतेच. मेनच बंद करायचा. आणि मेन बंद केला तरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाइनीत तेच २३० व्होल्ट येत राहतात. त्यालाही बंद करा. वाटण्या झालेल्या घरात तर तुमच्या खोलीतलं बटण चुलत्यांच्या मीटरवर असू शकतं. मी पाहिलंय.

एमसीबी पडतो तो ओव्हरलोड किंवा शॉर्ट झाल्यावर. दिव्यांच्या लाइनीचा एमसीबी साधारण ६ किंवा १० अँपिअरचा. माणसाच्या जिवावर बेतायला त्याचा शंभरावा हिस्साही पुरतो, आणि तेवढ्याने एमसीबीला पत्ताही लागत नाही. त्यासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा खटका, लागतो. जुन्या घरांत बऱ्याच ठिकाणी चिनी मातीचे फ्यूजच अजून आहेत, तिथे तो कुठून असणार?

राहिली पाच मिनिटं. वाड्यातल्या त्या जिन्यात मला पाऊण तास लागला. बटण बसवायला दहा मिनिटं. बाकी सगळा वेळ मेन बंद करून, खाली-वर करत, मल्टिमीटरचा बझर ऐकत तीन वायरींतली कुठली कुठे जाते हे शोधण्यात गेला. पोराने जुनं बटण सोडण्याआधी एक फोटो काढून ठेवला असता, तर तेवढाही लागला नसता.