बंद गॅसची धग

गॅस बंद केला की नाही, हा प्रश्न घरात असताना कधीच पडत नाही. तो रिक्षा डेक्कनच्या सिग्नलला थांबली की पडतो. सव्वासातची डेक्कन क्वीन गाठण्यासाठी कोथरूडहून निघालेली मी कर्वे रस्ताभर अत्यंत समतोल विचारांची बाई असते. सिग्नलला मात्र सकाळचा चहा, पातेल्यावरचे झाकण आणि त्याखालची निळी ज्योत असे सारे डोळ्यांपुढे लख्ख उभे राहते. दिसत नाही तो फक्त बटण फिरवणारा माझा हात. शेजारी बसलेला नवरा शांतपणे म्हणतो, "केलास गं बंद, मी पाहिलंय." परंतु ज्याला फ्रिजमध्ये नाकासमोर ठेवलेले लोणी दिसत नाही, त्याची साक्ष ग्राह्य धरणे कोणत्याही न्यायालयाला शोभणार नाही.

एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मर्कॅप्टन नावाचे दुर्गंधीयुक्त रसायन मिसळतात. ते मिसळणाऱ्यांना कल्पना नसेल, परंतु बसच्या धुरात उभ्या असलेल्या रिक्षातही मला तो वास स्पष्ट येतो.

रोजची कामे हात परस्पर उरकतात आणि मन त्या वेळी भलतीकडेच असते, त्यामुळे आज बटण फिरवल्याची वेगळी नोंद स्मृतीत राहतच नाही. त्यातच एखादी गोष्ट आपण खरोखर केली की करायची असे नुसते मनात आणले, हे मन नेमके कसे ओळखते, याचा विचार मार्शिया जॉन्सन आणि कॅरल रे या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये सविस्तर मांडला होता. माझे मन ते ओळखायला जाते आणि वाटेतच चहाच्या भांड्यापाशी घुटमळते.

यावर मी काढलेला पहिला उपाय कोणालाही सुचेल असाच होता, तो म्हणजे अधिक तपासणे. दोन्ही बटणे चाचपायची, रेग्युलेटर पाहायचा, दाराबाहेर पडून कुलूप ओढायचे आणि ते पुन्हा उघडून बटणांकडे परतायचे. पुढे वाचनात आले, की मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट या डच संशोधकांनी २००३ मध्ये प्रयोगासाठी नेमकी गॅसची शेगडीच निवडली होती, तीसुद्धा संगणकाच्या पडद्यावरची. ज्यांना ती शेगडी पुन्हापुन्हा तपासायला लावली, त्यांची स्मृती इतरांइतकीच अचूक राहिली. मात्र ती आठवण फिकी पडली आणि तिच्यावरचा त्यांचा विश्वास उडाला. पुढे कॅनडात खऱ्या स्वयंपाकघरातल्या खऱ्या शेगडीवरही असेच आढळले. थोडक्यात, मी प्रत्येक फेरीत गॅस नव्हे, स्वतःवरचा भरवसा बंद करून येत होते. (ज्यांचे रोजचे तासन्‌तास अशा फेऱ्यांत जातात, त्यांचा आजार खरा असतो आणि त्यावर चांगले उपचारही आहेत, त्यांना हसण्याचा माझा हेतू नाही. माझी तक्रार केवळ हौशी पातळीवरची आहे.)

मग मी शेगडीचे फोटो काढू लागले. फोटोवर तारीख असते, वेळ असते. पुराव्यात खोट काढायला जागा नव्हती. तरीही डेक्कनच्या सिग्नलला वाटायचेच, की फोटो काढल्यानंतर आपण दूध तर गरम केले नाही ना! शिवाय भाचीच्या लग्नाचे फोटो पाहायला घेतलेल्या मावशींना सप्तपदी आणि कन्यादान यांच्यामधोमध एकाच शेगडीची अकरा छायाचित्रे सापडली, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून "ही रुखवतातली का गं?" असे विचारले.

त्यानंतर किल्ली समोरच्या काकूंकडे ठेवण्याची पद्धत सुरू झाली. ती उत्तम होती. मात्र धीर एकवटून फोन करेपर्यंत गाडी लोणावळा सोडते. "थांब हं, बघते," असे काकू म्हणाल्या आणि गाडी बोगद्यात शिरली. खंडाळ्याच्या घाटातले धबधबे पाहण्यासाठी लोक मुद्दाम खिडकीची जागा मागतात. मी मात्र कर्जत येईपर्यंत मोबाइलवरच्या रेंजच्या काड्यांशिवाय काहीही पाहिले नाही. कर्जतला काकूंचा संदेश आला, "बंदच आहे. पण बेसिनचा नळ ठिबकतोय."

अखेर जपानी रेल्वेने मार्ग दाखवला. तेथील कर्मचारी सिग्नलकडे नुसते पाहत नाहीत. त्याच्याकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतात, जेणेकरून डोळा, हात, तोंड आणि कान हे चौघेही एकाच कामाला जुंपले जावेत आणि मनाला भटकायला सवड मिळू नये. मीही आता निघण्यापूर्वी शेगडीसमोर ताठ उभी राहते, बोट रोखते आणि खणखणीत आवाजात म्हणते, "डावा बंद! उजवा बंद! रेग्युलेटर बंद!" पहिल्या दिवशी नवरा आंघोळ अर्धवट टाकून बाहेर आला, कारण त्याला वाटले मी त्याच्यावरच ओरडते आहे. पद्धत मात्र गुणकारी आहे आणि हल्ली डेक्कनचा सिग्नल मी बऱ्याच शांतपणे ओलांडते.

अडचण एवढीच, की आमची इमारत जुनी असून सगळी स्वयंपाकघरे एकाच डक्टवर उघडतात. गेल्या रविवारी मी माझी त्रिवार घोषणा संपवून पर्स उचलली, तोच पलीकडच्या खिडकीतून काकूंचा आवाज आला, "ऐकलं गं! आणि गीझर?"

खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, आणि गीझरचा विचार तोवर माझ्या मनाला शिवलासुद्धा नव्हता.