‘वर्गात कोण बसलंय याने काय फरक पडतो?’

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2023 मध्ये महाविद्यालयीन प्रवेशातले वंशाधारित प्राधान्य रद्द केले. तेव्हापासून एक मजकूर सारखा फिरतो आहे : ‘वांशिक विविधता माहितीपत्रकावरच्या फोटोपुरती. वर्गात कोण बसलंय याने शिक्षणात फरक पडत नाही. कमी गुणांवर घेतलेली मुलं शेवटी गळतात. आणि वंश न पाहताही सगळ्या समाजांतली मुलं येतातच.’ मला यातले एकही वाक्य पटत नाही.

फरक पडत नाही? 1948 मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाने जॉर्ज मॅक्लॉरिन या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश दिला खरा, पण बसवले वर्गाला लागून असलेल्या खोलीत. ग्रंथालयात वेगळे टेबल, जेवणाची वेळही वेगळी. प्राध्यापक मात्र तेच होते. तरीही 1950 मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितले की, इतरांशी चर्चा करण्यात असे अडथळे आणल्याने त्यांच्या शिक्षणाचेच नुकसान होते आहे.

माझ्या मते नुकसान आत बसलेल्यांचेही होत होते. वैद्यकीय शिक्षणात ते आकड्यांत दिसते. मूत्रपिंडे किती काम करतात हे रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्यावरून काढताना, रुग्ण कृष्णवर्णीय असला की 2009 च्या सूत्रात उत्तराला 1.159 ने गुणायचे. प्रत्यारोपणाच्या यादीत प्रतीक्षेचा काळ मोजला जायला हा आकडा 20 किंवा त्याखाली लागतो. 18 ला गुणले की 20.9 होतात, आणि रुग्ण थांबतो. वर्षानुवर्षे विद्यार्थी हे पाठ करत आले. ‘हा गुणक आला कुठून?’ असे अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत विद्यार्थ्यांनीच लावून धरले, आणि त्यात कृष्णवर्णीय विद्यार्थी होते. 2021 मध्ये तज्ज्ञांच्या समितीने वंश वगळलेल्या सूत्राची शिफारस केली. त्या वर्गांत अशी मुले नसती, तर हा प्रश्न किती उशिरा आला असता?

गळतीचे म्हणाल, तर विल्यम बोवेन आणि डेरेक बोक या दोन माजी विद्यापीठ-अध्यक्षांनी 1998 मध्येच हजारो विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासून दाखवले की, गुण सारखे असलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी जे अधिक चुरशीच्या महाविद्यालयात गेले, ते जास्त प्रमाणात पदवीधर झाले.

राहिला ‘येतातच’ हा भाबडा विश्वास. मिशिगनच्या मतदारांनी 2006 मध्ये वंशाधारित प्राधान्य बंद केले. वंश न पाहता विविधता टिकवण्याचे पर्यायी उपाय मिशिगन विद्यापीठाने मनापासून राबवले. तरी पदवी अभ्यासक्रमातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण 7 टक्क्यांवरून 2021 पर्यंत 4 टक्क्यांवर आले, आणि त्याच काळात राज्याच्या महाविद्यालयीन वयाच्या लोकसंख्येतला त्यांचा वाटा वाढला होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाने अशाच उपायांवर 50 कोटी डॉलरहून अधिक खर्च केले, तरी हवे तसे यश नाही.

4 टक्के म्हणजे पंचवीस जणांच्या वर्गात एक. गुणकाबद्दलचा तो प्रश्न मग त्या एकट्यानेच हात वर करून विचारायचा, बाकी चोवीस जण वळून पाहत असताना.