बाप्पा, ते नाव काहून घासता?

दर वेळी तेच. कुठल्या तरी खेड्यातला वाडा निघाला, वाटण्या झाल्या, जुनं सामान काढणार असा निरोप येते. मी जुन्या वस्तू विकत घेणारा, पहाटे गाडी काढून चाळीस किलोमीटर खड्डे खात पोचतो. तर अंगणात काकू बसलेल्या, चिंच आणि राख घेऊन पाण्याचा पितळी गुंड घासत!

"तुमच्यासाठीच चकचकीत केलं भाऊ."

अवो काकू, तो पन्नास वर्षांचा काळसर रंग हाच तर माल होता! आणि त्याहून वाईट म्हणजे काठावर ठोक्याठोक्यानं कोरलेलं नाव. कोणाच्या लग्नात कोणी आहेर दिला, सालासकट. नागपूरचं गिऱ्हाईक त्या नावाचेच पैसे देते. आणि इथं पोरगा कानस घेऊन बसलेला. का, तर "आजीचं नाव लोकाच्या घरी नको." बरं, भावना समजते. मग विकू नका ना!

नाव गेलं, रंग गेला, उरलं काय? तांबं अन् जस्त. म्हणजे मोडीचा भाव. तो सांगितला की जावई खिशातून मोबाईल काढते. "यात तर आठ हजार दाखवते." दाखवते ना, त्या फोटोत नाव शाबूत आहे, बुडाला डाग नाही, अन् आठ हजारांत ते विकलं गेलं का हेही पाहा.

शेवटी चहा पिऊन रिकामा परत. येताना पाहिलं, गोठ्यामागं सागवानी देवळीची चौकट. चुलीसाठी फोडलेली. तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता.