१५३ की ४३? मेलेल्या माणसांचा पक्ष मोजताना

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर एकाने चित्र टाकलं. एक लाल खांब रिपब्लिकनांचा, एक निळा खांब डेमोक्रॅटांचा, आणि वर ठळक अक्षरांत: कोविडची लस आल्यानंतर अमेरिकेत रिपब्लिकन मतदारांचे जादा मृत्यू डेमोक्रॅट मतदारांपेक्षा १५३ टक्क्यांनी जास्त. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एकाने लिहिलं, "आपल्या कर्माने मेले." लिहिणारा माझा जुना मित्र आहे, सज्जन माणूस आहे. ते वाचून मला फार वाईट वाटलं. दोन दिवस उत्तर द्यायचं टाळलं, पण आता सविस्तर लिहिते.

मी एकोणीस वर्षं ओहायोत राहते आणि दवाखान्यांच्या आकडेवारीवर काम करते. हा आकडा ज्या अभ्यासातून आला तो दोन राज्यांवर आधारलेला आहे, फ्लोरिडा आणि ओहायो. म्हणजे त्या लाल खांबात माझ्या गल्लीतली माणसं आहेत.

आधी अभ्यासाबद्दल. तो फालतू नाही. येल विद्यापीठातले जेकब वॉलेस, पॉल गोल्डस्मिथ-पिंकहॅम आणि जेसन श्वार्ट्झ यांनी २०१७ च्या मतदार याद्या घेतल्या आणि २०१८ ते २०२१ मधल्या मृत्यूंच्या नोंदींशी त्या माणूस-माणूस जुळवल्या. पंचवीस वर्षांवरचे ५,३८,१५९ मृत्यू. तोवरचे बहुतेक अभ्यास काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्हा-तालुक्यासारख्या भागाच्या, पातळीवरचे होते: अमुक काउंटीत ट्रम्प यांना जास्त मतं, तिथे मृत्यूही जास्त, म्हणून ट्रम्पचे मतदार जास्त मेले. हा तर्क कच्चा आहे. तालुक्याच्या सरासरीवरून घराघरातल्या माणसाबद्दल बोलता येत नाही. त्या काउंटीत नेमकं कोण गेलं हे त्यातून कळत नाही. या तिघांनी ती चूक टाळली. शिवाय मृत्यूच्या दाखल्यावर "कोविड" लिहिलंय की नाही यावर ते विसंबले नाहीत. एरवी जितके मृत्यू झाले असते त्यापेक्षा किती जास्त झाले, हे त्यांनी मोजलं. मला ही पद्धत पटते.

आता तो १५३. हा आकडा सप्टेंबर २०२२ च्या कच्च्या मसुद्यातला आहे, नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्चने काढलेल्या. जुलै २०२३ मध्ये हाच अभ्यास तपासणी होऊन 'जामा इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात छापून आला, तेव्हा त्याच जागी आकडा होता ४३ टक्के. लेखक तेच, राज्यं तीच, वर्षं तीच. मसुद्याचा आकडा मात्र अजून फिरतोय.

हे ऐकून दुसऱ्या बाजूचे लोक लगेच म्हणतात, बघा, फुगवलेला आकडा पकडला गेला. तसंही नाही, आणि इथे मला जरा थांबून समजावून सांगायचंय, कारण सगळी गंमत टक्केवारीच्या तळाशी आहे.

समजा, एखाद्या गटात महामारी नसती तर १०० माणसं गेली असती. छापील अभ्यासानुसार लस सर्वांना मिळू लागल्यावर, म्हणजे मे २०२१ नंतर, डेमोक्रॅट गटात त्या १०० च्या जागी साधारण ११८ गेली आणि रिपब्लिकन गटात साधारण १२६. दोन्हीत फरक ७.७ चा. आता हा ७.७ कशाच्या तुलनेत सांगायचा? डेमोक्रॅट गटातल्या १०० वरच्या जादा अठराच्या तुलनेत सांगितला की ४३ टक्के होतो. एकूण ११८ च्या तुलनेत सांगितला तर सहा-सात टक्के. दोन्ही खरे. पण "४३ टक्क्यांनी जास्त मेले" असं वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काय उभं राहतं? एकीकडे शंभर तिरड्या आणि दुसरीकडे एकशे त्रेचाळीस. ते चित्र चुकीचं आहे.

मसुद्यात हाच फरक १०.४ चा होता. म्हणजे १०.४ वरून ७.७ वर आला. कमी झाला, पण कोसळला नाही. मग १५३ चा ४३ कसा झाला? कारण खालचा आकडा बदलला. मसुद्याच्या हिशोबाने डेमोक्रॅट गटात १०० च्या जागी जेमतेम १०७ गेले होते, छापील हिशोबाने ११८. छोट्या आकड्याने भागलं की टक्का फुगतो. मला खरी अडचण इथे वाटते. "एरवी किती मेले असते" हा आकडा कुठल्या नोंदवहीत नसतो. तो अंदाज असतो, मागच्या वर्षांवरून बांधलेला. तो बांधायची रीत थोडी बदलली की त्याच माणसांचे जादा मृत्यू सातावरून अठरावर जातात. एवढ्या हलत्या पायावर उभा असलेला टक्का खांबावर कोरून मिरवायचा नसतो.

दुसरा प्रश्न, ज्याबद्दल भारतातल्या मित्रांना कल्पनाच नसते: कोण रिपब्लिकन हे ठरवलं कसं? फ्लोरिडात मतदार नोंदणी करतानाच पक्ष लिहितात. ओहायोत तशी सोय नाही. इथे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत तुम्ही ज्या पक्षाची मतपत्रिका मागता, त्या पक्षाचे तुम्ही. २०१७ च्या यादीच्या आधीची मोठी प्राथमिक निवडणूक होती मार्च २०१६ ची. रिपब्लिकन बाजूला ट्रम्प आणि आमचे तेव्हाचे गव्हर्नर जॉन केसिक यांची चुरस होती. एकट्या माहोनिंग काउंटीत, यंग्सटाउनच्या पोलाद कारखान्यांच्या पट्ट्यात, हजारो जुन्या डेमोक्रॅट मतदारांनी त्या दिवशी रिपब्लिकन मतपत्रिका मागितली. कुणी ट्रम्पसाठी, कुणी ट्रम्पला अडवायला. यादीत सगळे रिपब्लिकन.

आमचे शेजारी त्यातलेच. जन्मभर युनियनचे, वडिलांपासून डेमोक्रॅट. २०१६ ला पहिल्यांदा त्यांनी दुसरी मतपत्रिका मागितली, आणि हे त्यांनी मला स्वतः कुंपणापाशी उभं राहून सांगितलं होतं. हिवाळ्यात आमच्या दारातला बर्फ ते न सांगता काढून ठेवायचे. माझी मुलं त्यांना ग्रँडपा म्हणायची. ऑक्टोबर २०२१ मध्ये, डेल्टाच्या लाटेत ते गेले. त्यांनी लस घेतली नव्हती. मी दोनदा विषय काढला होता. त्यांचं उत्तर राजकीय नव्हतं. काही वर्षांपूर्वी एका दवाखान्याने त्यांना गुडघ्याच्या उपचाराचं असं बिल लावलं होतं की ते फेडताना गाडी विकावी लागली. तेव्हापासून पांढऱ्या कोटातल्या कुठल्याही माणसावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. "ते फुकट देतायत म्हणजे नंतर काहीतरी मागतील," असं म्हणायचे.

त्यांच्या पत्नीनेही २०१६ ला तीच मतपत्रिका मागितली होती. दिवाणखान्यात दोघं एकच चॅनेल बघायची. तिने एप्रिलमध्येच लस घेतली, कारण मुलगी नर्स आहे आणि तिने आईला गाडीत बसवून नेलं. बाई आजही परसात टोमॅटो लावते. यादीत दोघांचा पक्ष एकच.

एका घरावरून सिद्धांत होत नाही हे मला कळतं, माझा धंदाच तो आहे. पण अभ्यासातली एक मोठी पोकळी यातून दिसते: कोणी लस घेतली आणि कोणी नाही हे त्या माहितीत माणसागणिक नाहीच. मृत माणसाचा पक्ष माहीत आहे, दंडावरची सुई माहीत नाही. फरक कमी लसीकरणाच्या काउंटीत जास्त दिसला, म्हणून लसीकडे बोट दाखवलं गेलं. लेखकांनी हे लपवलेलं नाही. पण व्यक्तीच्या पातळीवर काम करायचं म्हणून एवढा खटाटोप केला आणि नेमक्या याच दुव्यापाशी पुन्हा काउंटीच्या सरासरीचा आधार घ्यावा लागला.

आता माझ्याच बाजूला टोचणारी गोष्ट. माझी पहिली शंका अशी होती की पक्ष हा नुसता मुखवटा असेल. मागे गरिबी, लठ्ठपणा, खेड्यातले बंद पडलेले दवाखाने असतील. या शंकेला आधारही आहे. 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली आलेल्या अभ्यासात २००१ ते २०१९ पाहिलं होतं. त्या काळात डेमोक्रॅट काउंटींत वयाचा हिशोब धरून मृत्युदर २२ टक्क्यांनी घटला, रिपब्लिकन काउंटींत फक्त ११ टक्क्यांनी. म्हणजे दरी विषाणूच्या आधीपासून रुंदावत होती. पण ओहायो-फ्लोरिडाच्या अभ्यासात मे २०२१ च्या आधी दोन गटांत फरक जवळजवळ नव्हता. उलट उणे ०.९ होता, म्हणजे रिपब्लिकन गटातच किंचित कमी. गरिबी आणि दवाखाने हेच कारण असतं तर ते २०२० मध्येही दिसायला हवं होतं. ते दिसलं लस आल्यावर. हा मुद्दा मला खोडता आलेला नाही आणि खोडायचाही नाही. लसीने जीव वाचवले, आणि ज्यांनी घेतली नाही त्यांत जास्त माणसं गेली. हे मी मानते.

मी अडते ती "पक्षामुळे" या शब्दापाशी. पक्षच कारण असेल तर दोन्ही राज्यांत सारखा परिणाम दिसला पाहिजे. छापील अभ्यास सांगतो की फरक मुख्यतः ओहायोत होता. फ्लोरिडाचे गव्हर्नर डिसँटिस निर्बंधांच्या विरोधासाठी देशभर ओळखले गेले, पण त्यांनी लशीसाठी पासष्टच्या वरच्यांना सर्वांत आधी रांगेत उभं केलं होतं. आमचे गव्हर्नर डिवाइन हेही रिपब्लिकन. शाळा बंद करण्यात देशात सर्वांत पुढे होते, आणि लोकांनी लस घ्यावी म्हणून त्यांनी दहा लाख डॉलरच्या बक्षिसांची सोडत काढली. तरी फरक इथे. आणि ज्यांच्या नावावर हे सगळं खपवलं जातं त्या ट्रम्प यांच्याच कारकिर्दीत लशीची घाईची मोहीम सुरू झाली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये अलाबामातल्या कलमनच्या सभेत त्यांनी "लस घ्या, मी घेतली" असं म्हटल्यावर त्यांच्याच लोकांनी हुर्यो केली. नेत्याचंही न ऐकणाऱ्या त्या गर्दीचं वागणं "रिपब्लिकन" एवढ्या एका शब्दात कसं मावेल? लोक कुणावर विश्वास ठेवत होते, कुणी त्यांना गाडीत बसवून नेलं, कुठल्या बिलाने त्यांचं मन उडालं, हे विचारायला हवं होतं. ते यादीत सापडत नाही, त्यासाठी दारावर जावं लागतं. यादीत पक्ष सापडतो, म्हणून पक्ष मोजला जातो.

आणि हे मी मराठीत का लिहितेय? कारण हाच खेळ आपण २०२१ मध्ये याच ग्रुपवर खेळलो आहोत. महाराष्ट्रात आघाडीचं सरकार, गुजरातेत भाजपचं. महाराष्ट्रात मृत्यू जास्त, म्हणजे सरकारने माणसं मारली, असं रोज कुणीतरी लिहायचं. दुसरा उत्तर प्रदेशातले गंगाकाठचे फोटो टाकायचा. मग जानेवारी २०२२ मध्ये कोविड मृत्यूंसाठीच्या पन्नास हजारांच्या भरपाईचे आकडे सर्वोच्च न्यायालयासमोर आले. गुजरातचे अधिकृत मृत्यू सुमारे दहा हजार होते, अर्ज आले ८९ हजारांच्या वर. महाराष्ट्राचे अधिकृत १ लाख ४१ हजार, अर्ज २ लाख १३ हजार. भरपाईची व्याख्या सैल होती, काही अर्ज दुबार असतील, हे धरूनसुद्धा एक गोष्ट उघड झाली: आपण दोन राज्यांतले मृत्यू नव्हे, दोन राज्यांतली मोजणी तुलनेला घेतली होती. देशात नोंदलेले एकूण मृत्यू २०२० मध्ये ८१ लाख, २०२१ मध्ये १ कोटी २ लाख; आणि २०२१ चा आकडा जाहीर व्हायला मे २०२५ उजाडावा लागला. तोपर्यंत भांडणं करून आपण मोकळे झालो होतो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझा धाकटा भाऊ साताऱ्यात गेला. चाचणी करायला रांग होती, अहवाल यायच्या आधीच तो गेला, दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडली एवढंच आहे. ना तो आघाडीच्या आकड्यात आला, ना भाजपच्या. मी विमानात बसू शकले नाही. वहिनीने फोन धरला आणि मी स्क्रीनवर पाहिलं. २०१९ ला त्याने कुणाला मत दिलं हे मला माहीत नाही. परवा वहिनीला विचारलं, तिलाही माहीत नाही.

ग्रुपवर त्या चित्राखाली मी ११८ आणि १२६ चा हिशोब लिहून ठेवला आहे. ज्याने चित्र टाकलं त्याला विनंती केली आहे की ते काढ, नाहीतर निदान १५३ खोडून ४३ लिही आणि ते कशाचे ४३ टक्के हेही खाली लिही. कुणाला हिशोबात काही अडलं तर इथे कमेंटमध्ये विचारा. शनिवारी मला सुट्टी असते, बसून उत्तरं देईन.