प्रतिक्रियेला उत्तर: चार संघ, चोवीस सामने आणि 'फिरती जत्रा'

नमस्कार,

'माजी शॉर्टस्टॉप' (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली क्षेत्ररक्षक) या नावाने आलेली तुमची प्रतिक्रिया वाचली. अमेरिकेतल्या एयूएसएल (ॲथलीट्स अनलिमिटेड सॉफ्टबॉल लीग) या महिला सॉफ्टबॉल लीगच्या २०२५च्या हंगामावर मी जे लिहिलं, ते तुम्हाला फारच भाबडं वाटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चार संघ, प्रत्येकाचे २४ सामने, एकाही संघाला स्वतःचं गाव नाही, म्हणजे ही लीग नव्हे, फिरती जत्रा. दर्जा कॉलेजचाच. पैसा बेसबॉलवाल्यांचा, त्यांनी हात काढला की दोन वर्षांत गाशा गुंडाळणार. आणि आपल्याकडे सर्टिफिकेटसाठी खेळणाऱ्या मुलींना या कौतुकाचा उपयोग काय? तुम्ही स्वतः राष्ट्रीय स्पर्धा खेळलेल्या आहात आणि नोकरी लागल्यावर ग्लव्ह माळ्यावर गेला, असंही लिहिलंत. त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं दिसणार नाही.

जत्रेपासूनच सुरू करू. २०२३ची महिला क्रिकेटची डब्ल्यूपीएल आठवा. पाच संघ, २२ सामने, सगळे ब्रेबॉर्न आणि डी. वाय. पाटीलवर. दिल्ली, बंगळुरू, गुजरात, यूपी ही नावं फक्त जर्सीवर. मुक्काम हंगामभर मुंबईत. तिला कुणी जत्रा म्हटलं नाही, कारण मागे बीसीसीआय उभं होतं. एयूएसएलच्या बँडिट्स, ब्लेझ, टॅलन्स आणि व्होल्ट्स या चार संघांनी ७ जूनला रोझमाँट आणि विचिटा इथे सुरुवात केली आणि गावोगाव फिरत जुलैअखेर अलाबामातल्या टस्कलूसाला अंतिम मालिका खेळली. तीनपैकी दोन सामने जिंकायचे होते. टॅलन्सने बँडिट्सला सलग दोन हरवून विषय संपवला. फिरण्यामागे हिशेब होता: कुठल्या गावात तिकिटं खपतात ते आधी बघायचं, मग तिथे बिऱ्हाड करायचं. २०२६साठी संघांना घरं जाहीर झाली ती त्यानंतर. शिकागो, कॅरोलिना, टेक्सस, युटा, शिवाय ओक्लाहोमा सिटी आणि पोर्टलंडचे दोन संघ वाढले.

याच्या नेमकं उलट करून काय होतं, तेही अमेरिकेने पाहिलं आहे. १९७६ साली टेनिसपटू बिली जीन किंग, पिचर (चेंडू टाकणारी खेळाडू) जोन जॉइस आणि डेनिस मर्फी यांनी महिलांची पहिली व्यावसायिक सॉफ्टबॉल लीग काढली. पहिल्याच वर्षी दहा संघ, कनेक्टिकटपासून कॅलिफोर्नियापर्यंत, आणि प्रत्येकाला १२० सामने! दिवसाला दोन-दोन सामने उरकायचे आणि पुन्हा प्रवासाला लागायचं. बहुतेक खेळाडूंच्या हातात हंगामाअखेर हजार ते तीन हजार डॉलर पडायचे. त्यातही जॉइसच्या कनेक्टिकट फाल्कन्सने चारही वर्षं विजेतेपद घेतलं, म्हणजे निकालाची उत्सुकताही राहिली नाही. ही तीच जोन जॉइस, जिने एका प्रदर्शनीय सामन्यात बेसबॉलमधल्या टेड विल्यम्ससारख्या फलंदाजाला हतबल करून सोडलं होतं. तिच्यासारखी पिचर असूनही चार हंगामांत लीग आटोपली. तुमच्या फूटपट्टीने मोजली तर ती 'खरी लीग' होती: गावं होती, संघ होते, भरगच्च वेळापत्रक होतं. प्रवासखर्च भागवेल एवढं तिकिटांचं उत्पन्न नव्हतं, इतकंच.

दर्जाबद्दल मात्र मी मुळीच मागे हटणार नाही. खेळाडू कॉलेजातूनच येतात, हे खरं. पण चारच संघ असण्याचा एक फायदा तुमच्या नजरेतून निसटला. कॉलेजात चांगल्या बॅटरला हंगामात कितीतरी सुमार पिचर मिळतात, तिथे ती आकडे फुगवून घेते. इथे तशी उसंत नाही. रोझमाँटला मी होमप्लेटमागे, म्हणजे बॅटर उभी राहते त्या जागेमागे, जाळीला लागून बसलो होतो. तिथून पिचरचा मागचा पाय मातीत ओढला जातो त्याची रेघ दिसते, मनगट मांडीला घासून सुटतं ते दिसतं, आणि राइजबॉल असेल तर बॅटर कमरेच्या उंचीवर बॅट फिरवते तेव्हा चेंडू छातीशी गेलेला असतो. तो खरं तर हवेत वर वळत नाही, उलट्या फिरकीमुळे अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो. पण हे ज्ञान बॅटरच्या काही कामाचं नाही. ४३ फुटांवरून ताशी ७० मैलांच्या चेंडूला जेमतेम ०.४ सेकंद मिळतात, म्हणजे बेसबॉलमध्ये ताशी १०० मैलांना मिळतात साधारण तेवढेच. तुम्ही शॉर्टस्टॉप होतात, तुम्हाला हे मी सांगायला नको.

बेसबॉलच्या पैशाचा मुद्दा वजनदार आहे. मेजर लीग बेसबॉलने मे २०२५मध्ये या लीगमध्ये गुंतवणूक केली, आणि दुसऱ्याच्या मर्जीवर उभं असण्यातला धोका मला नाकारायचा नाही. पण लीगची कमिशनर किम इंग आहे. मायामी मार्लिन्स या बेसबॉल संघाची जनरल मॅनेजर होऊन बेसबॉलमध्ये इतिहास घडवणारी बाई, आणि कॉलेजात स्वतः सॉफ्टबॉल खेळलेली. पैसेवाल्यांशी कुठल्या भाषेत बोलायचं ते तिला ठाऊक आहे.

मला खरी धास्ती वाटते ती वेगळीच, आणि तिचा तुमच्या प्रतिक्रियेत उल्लेखही नाही. या खेळात शिडी उलटी लागली आहे. टेक्सस टेक विद्यापीठाकडून खेळलेली नायजारी कॅनडी ही पिचर घ्या. २०२४मध्ये तिथे जाताना, कॉलेज खेळाडूंना नाव आणि प्रतिमेसाठी मोबदला घेता येतो त्या नियमाखाली, तिला एका वर्षासाठी दहा लाख डॉलरहून अधिक मिळाल्याची बातमी होती. आता तिच्या शेजारी मोनिका ॲबट या पिचरचा २०१६चा करार ठेवा. एनपीएफ या तेव्हाच्या व्यावसायिक लीगमधला, सहा वर्षांचा, गाजलेला 'मिलियन डॉलर' करार. त्यातलं मूळ वेतन वर्षाला फक्त २०,००० डॉलर, कारण अख्ख्या संघाच्या पगाराला दीड लाखांची मर्यादा होती. उरलेली रक्कम प्रेक्षकसंख्येवरच्या बोनसमधून यायची, आणि तो बोनस सुरू व्हायला स्टेडियममध्ये शंभर माणसं पुरेशी होती! शंभर! आपल्याकडे गल्लीतल्या टेनिस बॉल स्पर्धेलाही त्याहून जास्त जमतात. कॉलेजात कमवायचं आणि व्यावसायिक झालं की कमाई घसरायची, हे गणित जोवर सुटत नाही तोवर संघ चार असोत की चौदा, मला फरक दिसत नाही.

राहिला आपल्या मुलींचा प्रश्न. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्यामुळे सॉफ्टबॉलचं सर्टिफिकेट मोलाचं ठरतं, आणि मुली त्यासाठी खेळतात यात मला कमीपणा दिसत नाही. खटकतं ते असं की नोकरी लागली की खेळ संपतो. यासाठी अमेरिकेकडे बघून उपयोग नाही, तिथे तुमचं बरोबर आहे. बघायचं तर जपानकडे. तिथली जेडी लीग २०२२पासून १६ संघांची आहे आणि संघ कुणाचे? टोयोटाचा, होंडाचा, हिताचीचा, बिक कॅमेरा या दुकानसाखळीचा. अनेक खेळाडू कंपनीच्या पटावर असतात, त्यामुळे नोकरी आणि खेळ एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकून सुवर्ण मिळवणारी युकिको उएनो बिक कॅमेराच्या संघातून चाळिशी उलटल्यावरही खेळत राहिली. ॲबटसुद्धा कित्येक वर्षं टोयोटाकडेच होती.

रेल्वे आपल्याकडे महिला कबड्डी आणि खो-खोत हेच करते. सॉफ्टबॉलला तशी एखादी कंपनी का मिळू नये, यावर तुमच्याशी हवा तेवढा वाद घालायची माझी तयारी आहे. 'चार संघ' या मुद्द्यावर मात्र नाही.