पहारेकरी झोपला नव्हता : वाशीच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रविवारीच वाचली, उत्तराला चार दिवस लागले. त्यातला पहिला दिवस रागात गेला. ‘शिकवणाऱ्या बाईंनी उपमा तरी जपून द्यावी’ हे वाक्य चांगलंच झोंबलं. मग माझाच लेख पुन्हा काढून वाचला आणि राग उतरला, कारण उपमा खरंच चुकली होती.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या ट्यूमरवर लिहिताना मी म्हटलं होतं की त्यातल्या मूळपेशी, म्हणजे नव्याने ट्यूमर उभा करू शकणाऱ्या पेशी, शरीराच्या पहारेकऱ्याला, म्हणजे प्रतिकारशक्तीला, झोपवतात. काकांच्या वहिनी याच आजाराने गेल्या. त्यांनी विचारलंय की ज्या उंदरांचा दाखला तुम्ही दिलात त्यांना प्रतिकारशक्तीच नव्हती, मग हा निष्कर्ष आला कुठून? पहारेकरी झोपलेला असेल तर त्याला उठवणाऱ्या काढ्याची टिंगल कशाला? आणि रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून परत देण्याची कार-टी ही थेरपी खारघरला मिळते, ती मेंदूला का चालत नाही?

उंदरांबद्दल मी सपशेल हरले. तो प्रयोग २००४ सालचा, टोरोंटोचा. रुग्णांच्या ट्यूमरमधल्या, सीडी-१३३ ही खूण असलेल्या जेमतेम १०० पेशी उंदराच्या मेंदूत सोडल्या तर ट्यूमर वाढला, खूण नसलेल्या १ लाख सोडूनही वाढला नाही. माणसाच्या पेशी उंदराच्या शरीराने हाकलून लावू नयेत म्हणून मुद्दाम प्रतिकारशक्ती अधू असलेले उंदीर घेतले होते. म्हणजे ट्यूमरचं बियाणं कोणतं, एवढंच त्यातून कळतं. ज्या गावात पोलीसच नाहीत तिथल्या चोरीवरून पोलिसांबद्दल बोलायचं नसतं, आणि मी नेमकं तेच केलं. पुढे खूण नसलेल्या पेशींपासूनही ट्यूमर झाल्याचं दिसलं, म्हणून ‘मूळपेशी’ ही कायमची जात न मानता पेशीची त्या वेळची अवस्था मानणं बरं.

आता पहारेकरी. आमच्या पाचपाखाडीत मागे एका इमारतीत चोरी झाली. वॉचमन टक्क जागा होता. चोर कुरियरवाल्याच्या वेषात आला आणि याने त्याच्या जड पिशव्या बघून लिफ्टचं दार धरून ठेवलं. ट्यूमरमध्ये घडतं ते असं. ग्लायोब्लास्टोमाच्या गाठीत एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत पेशी मॅक्रोफेज आणि मायक्रोग्लिया या प्रतिकारपेशींच्याच असू शकतात. इतकी फौज आत असूनही गाठ वाढतेच. मॅक्रोफेजचं काम फक्त मारामारीचं नसतं. जखम झाली की कचरा उचलायचा, नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करायची, सूज आवरती घ्यायची, हेही त्याच करतात. मूळपेशी पेरिऑस्टिन नावाचं प्रथिन सोडून त्यांना रक्तातून बोलावून घेतात, हे २०१५ साली दाखवलं गेलं. आलेल्या पेशी मग जखम भरायच्या कामाला लागतात, फरक इतकाच की समोर जखम नसते, ट्यूमर असतो. वर त्या जे संदेश सोडतात त्यांनी मूळपेशींची मूळपेशी-अवस्था टिकून राहते. दोघांचं असं साटंलोटं.

खऱ्या मारेकरी म्हणजे टी-पेशी. त्या गाठीत मुळातच थोड्या, आणि असतात त्याही थकलेल्या. २०१८ साली तर असं दिसलं की मेंदूत ट्यूमर असलेल्या रुग्णांच्या बऱ्याच टी-पेशी हाडांच्या मगजात अडकून पडतात, रक्तात उतरतच नाहीत. त्यात मेंदूची सूज उतरवायला द्यावं लागणारं डेक्सामेथासोनही त्यांना दाबतं. (म्हणून कुणी ते मनाने बंद करू नका, मेंदूची सूज जीव घेते.)

आता काढ्याबद्दल. टिंगलीचा सूर चुकला, त्याबद्दल माफी मागते. मुद्दा मात्र सोडत नाही. ‘प्रतिकारशक्ती वाढवायची’ म्हणजे कुणाची? लिफ्टचं दार धरणारे आणखी चार वॉचमन वाढवून काय साधणार? टी-पेशींचा ब्रेक काढणारं निव्होलुमॅब बाकी काही कॅन्सरमध्ये चांगलं चाललं. उलटून आलेल्या ग्लायोब्लास्टोमात ३६९ रुग्णांवर ते बेव्हासिझुमॅब या आधीपासून वापरात असलेल्या औषधाशी ताडून पाहिलं, तर निम्मे रुग्ण जगले तो काळ अनुक्रमे ९.८ महिने आणि १०.० महिने, म्हणजे जवळपास सारखाच. ते औषध जिथे अडलं, तिथे गुळवेलीकडून मी आशा धरणार नाही. शिवाय २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद छापली. आयुष मंत्रालयाला ती पटली नाही, तो वाद आहेच. पण केमोच्या गोळ्या चालू असताना घरात काय उकळतंय ते डॉक्टरांना सांगाच.

कार-टीचं उत्तर सोपं नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या प्रयत्नांतून आलेली, २०२३ मध्ये मान्यता मिळालेली नेक्सकार-१९ ही सीडी-१९ ही खूण शोधते. ती खूण बी-पेशी नावाच्या रक्तातल्या पेशींवर असते, म्हणून ही थेरपी काही रक्ताच्या कॅन्सरना. ग्लायोब्लास्टोमाच्या सगळ्या पेशींवर सापडेल अशी एक खूण नाही, आणि एका खुणेवर हल्ला झाला की ती नसलेल्या पेशी वाढतात. २०२४ मध्ये बोस्टनला दोन खुणांवर एकदम नेम धरणारी कार-टी तीन रुग्णांना थेट मेंदूतल्या द्रवात दिली. काही दिवसांतच स्कॅनवर गाठ आक्रसली, दोघांची मात्र पुन्हा वाढली. याला आशा म्हणायचं की नाही, यावर आमच्या स्टाफरूममध्येच दोन तट आहेत. मी आशा म्हणणाऱ्यांत.

तुमचा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला. वहिनी आयुष्यभर उपास करायच्या, त्यानेच प्रतिकारशक्ती खचली का, असं तुम्ही विचारलंत. नाही, काका. डोक्याला पूर्वी दिलेलं रेडिएशन आणि काही दुर्मीळ आनुवंशिक दोष सोडले तर बहुतेक रुग्णांत कारण सापडतच नाही. त्यांच्या चतुर्थ्यांचा यात काही संबंध नाही. घरात कुणी अजून तसं बोलत असेल, तर त्यांना हे वाचायला द्या.